दादाच्या मानेवरची गाठ आणि आमची अक्कल

दादाच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा निदान करायला आमच्या घराला डॉक्टर लागला नाही.

"तंबाखू," आत्या म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, तळहातावर तंबाखूला चुना चोळत.

दादा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला. माणूस सुपारीसुद्धा खात नाही. "मी खात नाय रे," तो सांगायचा. पण व्यसनी माणूस असंच सांगतो, हे मला स्वानुभवाने ठाऊक! मी गुपचूप त्याच्या स्कूटरची डिकी तपासली. रेनकोट आणि वहिनीने दिलेली बडीशेप निघाली. "भलताच हुशार आहे, पुडी सापडत नाही," असा अहवाल मी घरी दिला.

मग आम्ही सगळे निगडीहून बसने आळंदीला गेलो आणि दादाला माळ घालायला लावली. आता माऊलीच सोडवील, गुण येतो का बघू, मग डॉक्टर. कधीच न खाल्लेली तंबाखू सोडायला दादाने मुकाट माळ घातली. मी तिथेच आडोशाला जाऊन बार भरला. यात दोन महिने गेले. गाठ लिंबाएवढी झाली. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी तपासणी झाली. टॉन्सिलचा कॅन्सर.

"तंबाखूचा ना?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा. शरीरसंबंधातून पसरतो, तोंडावाटेही. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. काहींच्या अंगात राहतो, आणि कित्येक वर्षांनी असा निघतो. कुणाकडून आला ते कुणीच सांगू शकत नाही, शोधत बसू नका. या प्रकारात उपचारांना चांगला प्रतिसाद मिळतो. पण आता उशीर नको. सोमवारपासून रोज उपचाराला या."

माझ्या तोंडात तंबाखूशिवाय काही टिकत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला कळलं होतं.

"असला रोग सरळ माणसाला हुतो व्हय?" बाहेरच्या खोलीत आत्या म्हणाली. "हिनंच आणला आसंल कुठनं तरी."

वहिनी आत भाकरी थापत होती. दादाने मान खाली घातली. "मी नाय जाणार सोमवारी," तो म्हणाला. "रोज दवाखाना, रोज हीच चर्चा. हिला बोल लागणार."

माझं डोकं फिरलं. तंबाखूचा कॅन्सर असता, तर हीच माणसं फळं घेऊन आली असती. या कॅन्सरला चौकशी समिती!

वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आत्या, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी यांना काही विचारलं नाही, यांनी मला नाही. तुम्हाला कुणी नेमलं?" मग दादाकडे वळली. "आणि तुम्ही. लोकांच्या तोंडाला भिऊन मरायचं असेल, तर तसं सांगा. मी सोमवारचा डबा करत नाही."

मला काहीतरी जोरदार बोलायचं होतं. जमलं एवढंच: "आत्या, ऊठ. तुला रिक्षा बघून देतो."

"मला हाकलतोस व्हय रे?"

"व्हय."

आत्या गेली. राग काही तिच्याबरोबर गेला नाही. चर्चेला तोंड तिने फोडलं, पण गोष्ट घरभर मीच केली होती.

सोमवारी सकाळी मी दादाच्या घरी पोचलो, तेव्हा वहिनी अजून डबा भरत होती. दादा शर्ट-पँट घालून दारात उभा होता. "चल गं," तो आत बघून ओरडला, "उशीर होतोय."