काच फक्त काका कापतात

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. शटर अर्धंच वर आहे आणि फ्रेमवाले काका मोतीबिंदूचा डावा डोळा मिटून, टेबलावर वाकून काच कापताहेत.

ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. कारण एकच: तीन आठवडे काच कोण कापणार? डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली ती आणखी उशीर झाला तर डोळ्याची हमी नाही असं बजावून. ती तारीख उद्याची.

ताई इथे अकरा वर्षं काम करतात. पट्ट्या जोडणं, चित्र बसवणं, हूक ठोकणं, सगळं त्यांच्याकडे. काच कापायचा हिरा मात्र काकांच्या खिशात, अगदी जेवतानासुद्धा. "उशाखाली ठेवत नाहीत, तेवढं नशीब," असं गल्ल्यावर बसणाऱ्या काकू गिऱ्हाइकांना सांगतात.

आज काकूंच्या डोळ्यांसमोर हिरा ताईंना मिळाला. काकांनी तो सोडायला जरा वेळच लावला.

ताईंनी पावतीवरचं माप पाहिलं, टेबलावरची लाकडी फूटपट्टी लावली, रेघ ओढली. काच सरळ तुटली. चौकटीत ठेवताच ती आरपार खाली आली. काकांचा चेहरा खुलला. उद्याचं जाणं रद्द, असं ते म्हणालेसुद्धा.

दुसरीही तशीच पडली. मग ताईंनी फूटपट्टी काकूंच्या टेपशेजारी धरली. तिचं टोक झिजून अर्धा सेंटिमीटर गेलेलं. काकूंनी टेपनं माप घ्यायचं, काकांनी फूटपट्टीनं कापताना तेवढं मनात वाढवायचं, असं वीस वर्षं चाललं होतं.

"काका, हे कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

"फूटपट्टीला हात लावू दिलात कधी?"

काकूंना हसू आवरेना. "दुकान यांच्या डोक्यात चालतं," त्या म्हणाल्या, "आणि डोकं उद्या दवाखान्यात."

काकांनी झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि फूटपट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. शेजारच्या दुकानातून स्टीलची आणली. मग स्टुलावर बसून मनात ठेवलेलं बाकी सगळं सांगितलं. ताईंनी पावतीच्या मागे लिहून घेतलं. चौदा गोष्टी झाल्या. त्यातल्या नऊ आपल्याला आधीच ठाऊक होत्या, असं त्यांनी शांतपणे कळवलं.

पुढच्या सहा काचा नीट बसल्या. पहिल्या चार काकांनी मान लांब करून पाहिल्या. पाचवीच्या वेळी ते चहा प्यायला निघून गेले.

उद्या काका-काकू आठ वाजता दवाखान्यात असतील. शटर साडेनऊला ताई उघडतील. किल्ली त्यांच्याकडे आहे.