उत्तरेकडचा खांब

"काका, तुम्ही ब्लेकर कॉलेजचे अ‍ॅलम्नी का?" सुशांतनं विचारलं.

सुशांत शेजारच्या टाउनहाउसमधला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बोलायला गोड. मॉरिसव्हिलमधल्या त्याच्या घरी गणपती बसला होता आणि श्रीरंग खांबेटे आरतीलाही हिरवी टोपी घालून आला होता. टोपीवर पांढरा बगळा. ब्लेकरच्या फुटबॉल संघाचा.

"नाही," श्रीरंग म्हणाला. "तिथल्या जिमचे हवेचे डक्ट मी बसवले."

"मग यार काका, एवढे फॅन कसे?"

"डक्ट अजून गळत नाहीत."

सुशांत हसला. श्रीरंग हसला नाही. त्यानं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं.

त्याचं सगळं आयुष्य पत्र्यात गेलं. सांगलीला आयटीआय केलं, थोरल्या बहिणीनं अमेरिकेचे कागद केले, आणि तो उल्काला घेऊन नॉर्थ कॅरोलायनात आला. पत्रा मोजायचा, कापायचा, वाकवायचा, शिडीवर चढून छताशी जोडायचा. छत झाकलं की तिथे कुणी घाम गाळला ते कुणाला दिसत नाही. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. हवा आली की झालं.

ब्लेकरच्या जिमचं काम संपलं तेव्हा फोरमननं दोन तिकिटं हातावर ठेवली. फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा खेळ, अशा समजुतीनं दोघं गेली. बघतात तर मैदानात माणसं माणसांवर आदळत होती. श्रीरंगला काही कळेना. उल्का मात्र ताठ बसली. ती शाळेत कबड्डी खेळलेली, गुडघ्यावरचे वण लग्नानंतरही गेले नव्हते.

"अहो, ही तर कबड्डी!" ती म्हणाली. "फक्त चिलखत घातलंय."

त्या दिवसापासून दोघं बगळ्यांची झाली. उत्तरेकडच्या गोलच्या खांबामागची जागा स्वस्त होती, ती धरली. नैना झाली तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून नेली. संघ बहुतेक हरायचा. ही दोघं शेवटचं मिनिट संपेपर्यंत उठत नसत. चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे सगळे बघत, ही दोघं पुढच्या फळीतल्या जाडजूड पोरांकडे बघत. ती पोरं दुसऱ्याला वाट करून देतात आणि स्वतः चिखलात पडतात.

"तो बघा, उठायला वेळ लावला," उल्का म्हणे. "दमला नाहीये. कंटाळलाय."

"दमलाय," श्रीरंग म्हणे.

"दमलेला माणूस आधी हात टेकतो. मला सांगता?"

तिचा राग एकाच माणसावर. किकर. एकाच बुंध्यावर उभ्या दोन उंच खांबांच्या मधून चेंडू लाथेनं धाडणारा. "सगळी मरमर मरतात," ती म्हणायची, "आणि हा धुतल्या कपड्यांत येतो, एक लाथ मारतो आणि पॉइंट घेऊन जातो. फुकट खाणं आहे हे." कुणीही उत्तरेकडे किक मारायला उभा राहिला की ती उजवा तळहात पुढे करून चेंडूला बाजूला लोटायची. "जा तिकडे. जा." आपला किकर असला तरी लोटायची. मागचे लोक चिडत. तिला फरक पडत नसे.

सहा वर्षांपूर्वी, हंगाम ऐन भरात असताना, ती गेली. अस्थी नूस नदीत सोडल्या. बहिणीनं फोनवर बजावलं होतं, "श्रीरंगा, सगळं सोड हो. चिमूटसुद्धा मागे ठेवू नये. माणूस अडकतं."

त्यानं चिमूट ठेवली. हंगामाचा शेवटचा सामना झाला तेव्हा प्रथेप्रमाणे लोकांना मैदानात उतरू दिलं. श्रीरंग उत्तरेच्या खांबाशी गेला, बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि कागदाच्या पुडीतली चिमूट गवतात चोळली. कुणी बघितलं नाही. त्याला वाटलं, चांगलं काम केलं. हिला पुढची जागा मिळाली.

पुढच्या हंगामापासून उत्तरेकडच्या किक चुकायला लागल्या.

आधी त्यानं वारा म्हणून सोडून दिलं. मग तो खांबांच्या टोकाच्या फिती बघू लागला. वारा किती आहे ते कळावं म्हणून त्या बांधलेल्या असतात. फिती लोंबत असायच्या, निश्चल. चेंडू सरळ निघायचा, अर्ध्यात यायचा, आणि मग हळूच एका अंगाला सरकायचा. प्रत्येक वेळी एकाच अंगाला. उल्काचा हात जिकडे लोटायचा, तिकडे. कोणी खांद्यावर हात ठेवून बाजूला करावं, तसा. पाहुण्यांचा असो की आपला.

दक्षिणेकडच्या खांबाला काही नव्हतं.

रेडिओवरचा माणूस विनोद करायचा. दोन किकर कॉलेज सोडून गेले. श्रीरंग शेजारची जागा रिकामी ठेवून बसायचा आणि किकच्या वेळी मान खाली घालायचा. त्याला चेंडू बघायची गरज नव्हती. लोकांचा आवाज आधी वर चढायचा आणि मग मध्येच बसायचा. तेवढ्यानं कळायचं.

मैदानाची देखभाल अर्ल करायचा. श्रीरंगच्याच वयाचा, कमी बोलणारा. जिमच्या कामापासूनची ओळख. दोघांची मैत्री म्हणजे सामन्याआधी कुंपणाशी उभं राहून गवताबद्दल चार वाक्यं. एकदा अर्ल आपणहून म्हणाला, "त्या खांबाखाली पांढरा रंग धरत नाही. सगळी रेघ मारतो. तेवढाच तुकडा सकाळी हिरवा."

"रंग पातळ असेल," श्रीरंग म्हणाला.

"त्याच डब्यातला आहे." अर्ल थांबला. "हिवाळ्यात रानबदकं येतात, सगळं मैदान घाण करतात. तेवढी जागा सोडून."

श्रीरंग आपल्या जागेकडे निघाला. अर्लनं पुढे विचारलं नाही.

यंदा ऑगस्टात कॉलेजनं जाहीर केलं. गवत काढणार, प्लास्टिकचं मैदान घालणार. हंगामातला शेवटचा सामना नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, लगेच सोमवारी मशिनं येणार. वरची माती उचलून डंपवर जाणार.

श्रीरंगनं ती बातमी वाचली आणि त्याचं जेवण गेलं. बहिणीचं वाक्य त्याला आठवत होतं. अडकतं. आपण तिला अडकवलं, आणि आता ती फुटक्या फरशा, जुने सोफे यांच्याखाली जाणार. जिनं आयुष्यात घरात एक कागद इकडचा तिकडे पडू दिला नाही, ती. मशिनं यायच्या आत तिला तिथून काढायचं आणि राहिलेलं नदीत सोडायचं. त्याच्यासमोर एवढंच काम होतं. हंगाम त्यानं त्या एका विचारात काढला.

सामन्याच्या शनिवारी सकाळी त्यानं नैनाला फोन केला. नैना वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला असते.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "आईची थोडी राख..."

"आय नो, बाबा. खांबाखाली."

"तुला कसं कळलं?"

"मी होते ना तेव्हा तुमच्याबरोबर. तुम्ही नाडी बांधायला वाकलात. त्या दिवशी तुम्ही कामाचे बूट घातले होते. त्यांना लेसेसच नव्हत्या."

श्रीरंगनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला तिथेच आवडेल, बाबा. लीव्ह इट."

"माती डंपवर जाणार आहे."

"ओह," नैना म्हणाली. मग म्हणाली, "सगळी मिळेल का? सहा वर्षांचा पाऊस झालाय."

"खोल खणीन."

"आणि पाण्यात उतरू नका. काठावरूनच टाका. प्रॉमिस करा."

"बरं."

सामना अटीतटीचा झाला. बगळे दोन पॉइंटांनी मागे, घड्याळात काही सेकंद, आणि चेंडू उत्तरेच्या खांबासमोर. किकचे तीन पॉइंट, बसली तर जिंकणार. किकर नवीन होता, पोरगेला, कपडे स्वच्छ. सगळं स्टेडियम उभं राहिलं. वारा नव्हता. फिती सरळ खाली लोंबत होत्या.

श्रीरंगनं पहिल्यांदाच मान खाली घातली नाही. रिकाम्या जागेकडे नाही, त्यानं खांबाच्या बुडाकडे बघितलं.

"उल्का," तो पुटपुटला. "गवतावरची शेवटची आहे. एवढी जाऊ दे."

किक चांगली होती. चेंडू उंच गेला, बरोबर मधोमध, फिरत फिरत त्याच्याच दिशेनं आला. आवाज चढला. आणि खांबांपाशी पोचता पोचता चेंडू थबकल्यासारखा झाला. श्रीरंगनं ते नीट पाहिलं. चेंडू थबकला, आणि मग त्या अंगाला सरकला. खांबाला लागून टण्ण आवाज झाला. लोखंडाचा तो आवाज बराच वेळ टिकला. मग सगळं चिडीचूप.

हरले.

शेजारचा माणूस टोपी आपटून निघून गेला. श्रीरंग बसून राहिला. त्याला राग आला नाही. किकच्या आधी पुढच्या फळीनं लोटायचं सोडून दिलं होतं, ते त्यानंही पाहिलं होतं. किकवर जिंकू म्हणून सगळे निवांत झाले होते. उल्कानं जन्मात कुणाला फुकट काही दिलं नव्हतं. नवऱ्याला तरी का द्यावं?

पण आता त्याच्या मनात शंका उरली नाही. ती तिथे होती.

रविवारी सकाळी अर्लनं फाटक उघडलं. श्रीरंगच्या हातात खुरपं आणि बादली होती. अर्लनं दोन्ही वस्तूंकडे बघितलं.

"आठवण म्हणून?" त्यानं विचारलं. बरेच जण गवताचा तुकडा मागून नेत होते.

"बायको आहे," श्रीरंग म्हणाला.

अर्लनं टोपी काढली. मग दक्षिणेकडच्या टोकाला जाऊन तो पाठमोरा उभा राहिला.

खांबाला गुंडाळलेली गादी दवानं भिजली होती. तिच्या पुढ्यात, पांढऱ्या रेघेत, दोन तळहात मावतील एवढा हिरवा तुकडा. आजूबाजूच्या गवतावर दव होतं, त्याच्यावर नव्हतं. श्रीरंग गुडघ्यावर बसला. गुडघे बोलले. त्यानं खुरपं घातलं. माती जड होती आणि गार, फ्रिजमधून काढल्यासारखी. त्यानं घाई केली नाही. आधी कडा कापल्या, मग गवताचा थर अलगद उचलला, मग खालची माती. वीतभर खोल गेला. वाटलं, पुरे. मग वाटलं, पाऊस खाली नेतो. आणखी वीतभर गेला. हात दुखायला लागले तरी तो थांबला नाही. अर्धवट काम ती लगेच ओळखायची. शेवटी पिवळी, कोरडी, कधीच कुणाची नसलेली माती लागली. तेव्हा त्यानं खुरपं पुसलं.

बादली काठोकाठ भरली होती. उचलताना ती त्याला मातीच्या वजनाहून जड वाटली. पण तो त्र्याहत्तर वर्षांचा होता, आणि कंबर बरी नव्हती. त्यानं स्वतःला तसं सांगितलं.

बादली मागे ठेवली तर सांडेल, म्हणून त्यानं ती पुढे, शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू केली आणि पट्ट्याची घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही. त्याला ते ठाऊक होतं. सीटखाली सेन्सर असतो. त्यानं बादलीवरून पट्टा ओढला आणि लावला. घंटी थांबली.

वाटेत तो बोलला नाही. तिलाही गाडीत बोलायला आवडायचं नाही.

नूस नदीवर पाणी संथ होतं. जिथे सहा वर्षांपूर्वी अस्थी सोडल्या होत्या, तिथेच तो गेला. पाण्यात उतरला नाही, काठावर बसून मूठ मूठ माती सोडली. माती लगेच विरघळायला हवी होती. ती थोडा वेळ एक गडद ठिपका होऊन काठाशीच थांबली. प्रवाह तिच्या दोन्ही अंगांनी जात होता.

"जा आता," श्रीरंग म्हणाला. "जा." त्यानं उजवा तळहात पुढे केला आणि हवेत लोटला.

ठिपका हलला. मधल्या धारेला लागला, लांबला आणि दिसेनासा झाला.

त्यानं बादली विसळली. तळाशी एक कणही ठेवला नाही. हात धुतले, नखं साफ केली. काम पुरं झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच्या जागी काय आलं, ते त्याला आवडलं नाही. काहीच आलं नव्हतं.

बादली त्यानं डिकीत टाकली. गाडीत बसला, आपला पट्टा लावला, चावी फिरवली.

टिंग, टिंग, टिंग.

शेजारची सीट रिकामी होती. थोडी ओलसर, कडेला मातीचा एक बारीक पट्टा. श्रीरंगनं तिच्यावर हात फिरवला. गार होती. त्यानं सीट दाबली, सोडली. सीट मागेपुढे केली. पन्नास वर्षं हातानं काम केलेला माणूस. बिघाड असेल तर तो कुठेतरी सापडतो. इथे सापडला नाही. घंटी वाजत राहिली, न थकता, न घाई करता.

तो थोडा वेळ नदीकडे बघत बसला. मग वाकला, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून आणला आणि लावला. खट्.

घंटी थांबली.

"पुढच्या वर्षी गवत नाही हं," तो समोर बघत म्हणाला. "प्लास्टिक आहे. आधीच सांगतो."

आणि गाडी रस्त्याला घेतली.