लेपाखालचे डाग

"हे बँडेज कोणी बांधलं?" मुलुंडच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं आणि कात्री चालवली. काळा लेप पुसला, तर माझ्या नवऱ्याच्या, संजयच्या, गुडघ्यापासून पोटरीपर्यंत जांभळे डाग. त्यांनी डागांवर काचेचा ग्लास दाबून पाहिला. डाग फिके होईनात. "इन्फेक्शन रक्तात गेलंय," त्या म्हणाल्या. तपासणीसाठी रक्त घेतलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं.

सोसायटीत क्रिकेट खेळल्यावर त्याचा गुडघा सुजला होता. मुरगळला असणार, हे मीच ठरवून टाकलं. आम्ही कोकणातली माणसं, सांधा दुखला की आधी हाडवैद्य, मग डॉक्टर. त्याच्याकडे नेलं; त्याने लेप लावून घट्ट पट्टी बांधली, तीन दिवस सोडायची नाही म्हणाला. ताप चढला तर मी म्हटलं, "दुखण्याचा ताप आहे रे, उतरेल." नसता शहाणपणा! दुसऱ्या दिवशी तो बरळायला लागला, तेव्हा धावत रिक्षा केली.

गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं, तर पू निघाला. रिपोर्ट आला: मेनिंगोकॉकस. या जंतूने सहसा मेनिंजायटिस होतो, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येते.

"पण डोकं दुखलं नाही, मान आखडली नाही!" मी डॉक्टरांशी वादच घातला.

"मोठ्या माणसांत कधी कधी असाही येतो, नुसता सांध्यात. आता सेप्सिस आहे, इन्फेक्शनचा परिणाम सगळ्या शरीरावर होतोय, बीपी टिकत नाहीये. चोवीस तास काही सांगता येणार नाही."

गुडघा ऑपरेशन करून धुतला. हा जंतू जवळच्यांनाही लागू शकतो, म्हणून घरातल्या आम्हा दोघींना, सासूबाईंना आणि मला, प्रतिबंधक गोळी दिली. आयसीयूबाहेर मी त्यांच्याकडे बघूच शकत नव्हते. त्याच म्हणाल्या, "गो, तुझ्या जागी मी असते तरी हाडवैद्याकडेच नेलं असतं." मला हुंदका फुटला.

चौथ्या दिवशी बीपी औषधाशिवाय टिकलं. रक्त न पोचल्याने पायाची दोन बोटं मात्र काळी पडली होती, ती काढावी लागली.

तापाबरोबर सांधा सुजला, तर मुरगळलाय म्हणून घरी बसू नका. अंगावर डाग उठलेत का नीट बघा, तडक हॉस्पिटल गाठा. त्या डॉक्टरबाईंचे आभार मानायला गेले, तर त्या दुसऱ्या पेशंटकडे धावत होत्या.

बोटांचं संजयला मीच सांगितलं. त्याने चादर सारून पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "आठ आहेत ना अजून? घरी चल."