गुरुजीचा बोनस अन् इवायाचा रिव्हर्स

बाभुळगावले शफीभाईच्या गॅरेजमागं भंगाराचा ढीग हाय. फुटके लाइट, सायलेन्सर, अर्धे दरवाजे. भंगारवाला येते, तोलते, घेऊन जाते. पण गॅरेजसमोरच्या बाकड्यावर जो किश्श्यायचा ढीग जमला, तो कोणी नेत नाही बावा. माहा जनम टेम्पो चालवण्यात गेला, आता त्याच बाकड्यावर बसून राह्यतो. म्हटलं, आपणच थोडा ढीग हलका करू. हे सगये किस्से एकाच माणसाचे. आमच्या गुरुजीचे.

*

गुरुजी शाळेतून रिटायर झाले अन् पांढरी कार घेतली. गाडीवर जीव हायच, पण गाडीपेक्षा जास्त जीव तिच्या बोनसवर. बोनस म्हंजे असं, का वर्षभर इन्शुरन्सवाल्याले काही मांगतलं नाही तं पुढच्या वर्षी हप्त्यात सूट भेटते. दरसाल वाढत वाढत ते सूट पन्नास टक्क्यावर जाऊन बसते. गुरुजीची बसली होती. पण एकदा का क्लेम केला, का सूट गेली. पुन्हा पहिलीपासून शाळा.

वहिनी, म्हंजे गुरुजीची बायको, म्हणे, "भाऊजी, पोरगी झाली तवा यायनं पेढे नाही वाटले. पन्नास टक्के झाले तं वाटले."

*

एक दिवस गाडीवर वांदर बसलं. वायपर उपटला अन् गेलं लिंबावर. गुरुजी खाली केयं घेऊन उभे. "ये बावा, दे बावा."

शफीभाई म्हणे, "गुरुजी, नया डाल देता ना मैं. क्लेम कर लो."

गुरुजी म्हणे, "आज वायपरचा क्लेम, उद्या आरशाचा. माणूस असाच बिघडते शफीभाई."

वांदरानं केयं घेतलं, वायपर टाकला. गुरुजी काही बिघडले नाही. वांदर बिघडलं. ते आता रोज येऊन वायपर धरून बसते.

*

माह्यानं कुठं राह्यवते? मी एक काया दोरा घेतला, थुका लावला अन् गाडीच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवला. लांबून पाह्यलं तं खिळ्यानं ओढल्यावानी दिसे.

गुरुजी आले, पाह्यलं, अन् बाकड्यावर बसले ते बसलेच. चहा आला, थंडा झाला. मी म्हटलं, "गुरुजी, क्लेम करून टाका, मनाले लावून घेऊ नोका."

शफीभाईले दया आली. त्यानं जाऊन दोरा उचलला. गुरुजीनं दोऱ्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"नामदेव," म्हणे, "तू माह्या वर्गात असता नं, तं तुले मी पास करून हाकललं असतं."

*

मंग आला तो दिवस. गुरुजीच्या पोरीले पाह्याले उमरखेडचे पाहुणे आले. पोरगा साजरा, नोकरीवर. पोहे झाले, चहा झाला, पोरीले पोरगा पसंत, पोराले पोरगी पसंत. पोराचा बाप, म्हंजे गुरुजीचे होणारे इवाई, खुशीतच आपल्या लाल गाडीत बसले. आम्ही सगये हात हलवत आंगणात उभे. इवायानं रिव्हर्स टाकला.

धाड.

गुरुजीची गाडी बिचारी भिंतीजवय उभी होती, ना कोणाच्या घेण्यात ना देण्यात. डायवर साइडचं दार आत गेलं.

इवाई घाबरून उतरले. "लागलं काहो?"

आता गुरुजीनं काय म्हणावं? पोरगी दारात उभी, डोये त्यायच्याकडं. गुरुजीनं हात जोडले अन् हासून म्हणे, "काही नाही हो. ते आधीचंच होतं."

लाल गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तवा गुरुजी हळूच खाली बसले.

*

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर मीटिंग. गुरुजीनं एजंटले फोन लावला. "अहो, गाडी उभी होती. माह्यी चूकच नाही."

एजंट म्हणे, "चूक कोणाची हे बोनस पाहत नाही गुरुजी. तुमच्या पॉलिसीवर क्लेम केला का बोनस गेला. बोनस वाचवाचं वेगळं कव्हर होतं, मी सांगतलं होतं तुमाले. तुम्ही म्हणे, मी कुठं धडकतो, मले कायले पाह्यजे?"

"दुसरा रस्ता?"

"समोरच्याच्या इन्शुरन्सवर टाका. पोलिसात रिपोर्ट द्या, मंग कोर्टात केस."

गुरुजीनं फोन ठेवला. शफीभाईनं पाना पुसत पुसत म्हटलं, "अच्छा है. शादी का कार्ड और समन्स, एक ही लिफाफे में भेज देंगे."

मी म्हटलं, "मंग इवायाले सरळ सांगा नं, का दार भरून द्या."

गुरुजी म्हणे, "कोणत्या तोंडानं? आधीचंच होतं म्हणून मीच बोललो. आता मांगतलं तं म्हणतीन, मास्तर खोटं बोलते. सोयरीक तुटली तं पोरीले काय सांगू?"

दाराचा खटका बसत नव्हता, मंग ते आतून दोरीनं बांधलं. लग्न होईस्तोर कोणी काही बोलाचं नाही, अशी गुरुजीनं मले शपथ घातली.

*

पण जावई न सांगता आला तं? आला. फटफटीवर. वहिनीनं खिडकीतून पाह्यलं, घरातली गोधडी उचलली अन् धावत जाऊन गाडीच्या दारावर टाकली.

पोरगा म्हणे, "आई, पाऊस पडून राह्यला नं. गोधडी भिजली."

वहिनी म्हणे, "धुवाचीच होती बाबा."

*

लग्नाचं बोलाले गुरुजी उमरखेडले गेले, मले संग घेतलं. इवाई फाटकातच उभे. मानानं पुढं आले अन् गुरुजीचं दार उघडाले हँडल धरलं. आतून गुरुजीनं दोरी धरली. इवाई बाहीरून ओढे, गुरुजी आतून ओढे.

"या नं, या नं."

"राहू द्या, राहू द्या. मले तिकडूनच उतराची सवय हाय."

माह्या बाजूनं उतरले मंग, गिअरवरून टांग टाकून. धोतराचा सोगा अडकला तो मीच सोडवला.

इवाई वाकले. दाराचा खड्डा पाह्यला. खड्ड्यात त्यायच्या गाडीचा लाल रंग लागलेला. पाहतच राह्यले.

मी शपथ घेतली होती, का दाराचं बोलाचं नाही. लाल गाडीचं कुठं म्हटलं होतं? तिच्या मागच्या लाइटले चिकटपट्टी मारलेली. म्हटलं, "इवाई, लाइटले काय झालं जी?"

इवाई म्हणे, "फुटला. क्लेम केला असता, पण बोनस जाते नं. पन्नास टक्के हाय आपला."

मी गुरुजीकडं पाह्यलं. गुरुजी छताकडं पाहून राह्यले होते. पोरापोरीचे गुण कायले जुळवा लागते? बापायचेच छत्तीस जुयले.

*

लग्न झालं झकास. इवाईभेटीची येळ आली. दोन्ही बापायनं गयाभेट घ्याची, एकमेकाले शेला-नारळ द्याचा. गुरुजीनं शेला दिला, नारळ दिला. मंग इवायानं मागं खूण केली.

गर्दीतून दोन माणसं आले, खांद्यावर काहीतरी मोठं, नव्या चादरीत गुंडायलेलं, वरून हळदकुंकू लावलेलं. बाया म्हणे, आरसा असन. शफीभाई मंडपाच्या खांबाले टेकून नखं पाहून राह्यला होता, जसं काही त्याले माईतच नाही.

गुरुजीनं चादर बाजूले केली.

दार. डायवर साइडचं. पांढरं फटक.

भटजी अक्षता हातात घेऊन थांबला, याच्यावर टाकाच्या का नाही म्हणून. गुरुजीचे डोये भरले. म्हणे, "अहो इवाई, हे कायले?"

इवायानं त्यायच्या गयात हात टाकला.

"काही नाही हो," म्हणे. "आमच्या घरी आधीचंच होतं."