मास्तर, हळू बोला

साताऱ्यातले आमचे शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले. बोलणं कायम कुजबुजल्यासारखं. भाजीवालीलाही हाक मारायचे नाहीत, नुसता हात हलवायचे. बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या चैत्रात मी आग्रह करून त्यांना हिमाचलात नेलं. बर्फाचा एक डोंगर चढून संध्याकाळी परतायचं होतं. ऊन चढलं, बर्फ भुसभुशीत झाला. माथा हाकेवर असताना ते वाटेतच बसले.

“म्होरं न्हाई जायाचं, मास्तर.”

“अहो, एवढ्यासाठीच आलो ना!” मी ओरडलो.

“हळू बोला.” त्यांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं वरच्या बर्फाकडं बोट दाखवलं. आम्ही उतरलो.

संध्याकाळी डोंगर जिथल्या तिथं होता. मी चिडून तसं म्हणालो.

“आमच्या पलटणीतली पोरं बर्फाखाली गाडली जायाच्या आदीबी,” ते म्हणाले, “त्यो असाच गप हुता.”