वळायचा राहिलेला दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्यांच्याबरोबर एका सतरंजीवर झोपलो, एका ताटात भाकरी मोडली, त्या कार्यकर्त्यांनाही नाही. पत्रकं लिहून लिहून माझा हात असा तयार झालाय की दुसऱ्याची चूक तो एका ओळीत पकडतो. स्वतःची लिहायला बसलो तर — हा तिसरा कागद आहे.

गोष्ट माझ्या बहिणीच्या दातांची आहे. हसू नका. त्या दिवसांत मीही हसलो होतो, आणि छापून हसलो होतो.

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं. रत्ना माझ्याहून सात वर्षांनी लहान. वरचे दात पुढं आलेले, ओठाला ओठ लागत नसे, आणि समोरच्या दोन दातांच्या शेजारचा एक दात तर गर्दीत कुणी आडवं होऊन घुसावं तसा वळलेला. पोरं तिला किसणी म्हणायची. "ए किसणे, भोपळा आणलाय, किसून दे की!" विहारात पौर्णिमेची वंदना सगळ्यांत स्वच्छ तिची पाठ, पण म्हणायची शेवटच्या रांगेत बसून, तोंडावर हात धरून. आणि या पोरीला व्हायचं होतं मास्तरीण! तोंड झाकून कुणाला शिकवता येतं का?

ते वर्ष दुष्काळाचं. टँकर आला तर आला. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, वडील, म्हणजे आबा, रस्त्याच्या गँगमध्ये, आणि मी बी.ए. अर्धं टाकून चळवळीत. अशात आमच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमननं गावात दातांचं शिबिर भरवलं. माझं डोकंच फिरलं. माणसं घागरीला घागर लावून भांडतायत आणि हे दात तपासतायत? तुळजापूरच्या छापखान्यातून मी पत्रक काढून आणलं. वर ठळक अक्षरात — 'आम्ही मागतो पाणी, तुम्ही मोजता दात!' पत्रक गाजलं. चार गावांत लोक ती ओळ तोंडपाठ म्हणायचे. मला काय वाटायचं ते विचारू नका. मी स्वतःवरच खूश होतो.

आणि त्याच शिबिरात आमच्या आबांनी रत्नाला नेऊन आणलं होतं. मला न सांगता.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या. महिन्यातून एक दिवस सोलापुरात बसायच्या, त्यांनी रत्नाला तिकडं बोलावलं होतं. आबांना सुट्टी मिळेना, म्हणून मी घेऊन गेलो. शिबिराची चिठ्ठी खिशात होती — कुणाला दिसू नये म्हणून घडीवर घडी घालून बारीक केलेली.

बाईंनी तिच्या तोंडाचा साचा घेतला, प्लास्टर ओतलं, आणि थोड्या वेळानं ते दात माझ्या हातावर ठेवले. माझ्या बहिणीचे दात, माझ्या तळहातावर! ती जन्मल्यापासून चौदा वर्षं ज्या तोंडाकडं मी नीट पाहिलं नव्हतं, ते उलटंपालटं करून पाहत राहिलो. रत्ना तेव्हा बाहेर नळावर चूळ भरत होती. वाहता नळ तिनं किती दिवसांनी पाहिला होता. ती लवकर येईना.

तेवढ्यात बाईंनी मला समजावून सांगितलं. फार चांगलं समजावलं, मला न कळल्याचं निमित्त नाही. दोन वाटा होत्या. एक, टाळूला बसणारी गुलाबी प्लेट — मधे बारीकसा स्क्रू, तो आठवड्यातून एकदा घरीच चावीनं फिरवायचा, म्हणजे वरचा जबडा हळूहळू रुंद होतो, मग पुढची तार दात मागं घेते. काढता येते, घालता येते. तीन महिन्यांनी दाखवलं तरी भागतं. दुसरी वाट पक्की — एकेका दाताला स्टीलची कडी चिकटवायची आणि कड्यांमधून तार ओवायची. ती काढता येत नाही, दर महिन्याला यावं लागतं. "प्लेट दाताला ढकलते, वळवत नाही," बाई म्हणाल्या. "हिचा तो दात वळायचा असेल तर कड्याच लागतील. दोन्हींत सवलत देते, ती काळजी नको. पण मी सांगेन कड्याच."

मी विचारलं, दात हाडात रुतलेला, तो सरकतो कसा? त्या म्हणाल्या, "हाड म्हणजे दगड नव्हे हो. जिवंत असतं. हलकेच दाबत राहिलं की एका बाजूनं वाट देतं आणि मागून भरून येतं. जोर केला तर मात्र बिघडतं." मी थक्क झालो. घाव घातल्याशिवाय काही हलत नाही, असं मी सभांतून सांगत हिंडत होतो — आणि इथं एका पोरीच्या जबड्यात हाड आपसूक जागा देणार होतं!

पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? स्टील. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती, आणि चेअरमनविरुद्ध आमचं पॅनेल उभं होतं. रत्ना पाणी द्यायला बाहेर आली, हसली, की कड्या चमकणार. चेअरमनची माणसं म्हणणार — बघा, पत्रकं काढतो आन् बहिणीला आमच्याच शिबिरातनं तारा लावतो! प्लेटचं बरं होतं. कुणी आलं की काढून ठेवता येते.

मी बाईंना म्हणालो, "आमचे आबा जुन्या वळणाचे, कड्यांना तयार होणार नाहीत. प्लेटच द्या." आणि घरी येऊन आबांना म्हणालो, "बाई म्हणाल्या, हिला प्लेटच योग्य." आबा एवढंच बोलले, "तू शिकलेला हायस. बाई म्हणत्यात तसं कर." ज्या माणसानं एका शब्दानं अडवलं नाही, त्याच्या नावावर मी नकार खपवला.

आईला वाटलं, ही कवळी. "आगं माय, पोरगी न्हाती-धुती व्हायच्या आत म्हातारी झाली का काय!" पहिले पंधरा दिवस रत्नाला बोलता येईना. लाळ गळायची, 'स' घसरायचा. मला वाटलं, आठ दिवसांत फेकून देईल. तुम्हालाही तसंच वाटलं असतं ना? कंटाळा म्हणून तिनं एक दिवस सोडला नाही. जेवणापुरती काढायची, आणि जेवण इतक्या झरझर उरकायची की आई ओरडायची. प्लेट धुवायला अर्धा पेला पाणी लागे — ते ती स्वतःच्या पिण्याच्या वाट्यातून काढायची. दर रविवारी उन्हात उंबऱ्यावर बसून, आरसा गुडघ्यात धरून, चावी फिरवायची. मी मोर्चे काढले, उपोषणाला बसलो. पण इतकं सबुरीचं काम मी कुणाचं पाहिलं नाही.

एके दिवशी ती धावत आली. "दादा, फट पडली! बघ, बघ की!" समोरच्या दोन दातांमधून तिनं पोस्टकार्डाची कड आत-बाहेर सरकवून दाखवली. हाड खरंच वाट देत होतं. मग महिन्या-महिन्यानं फट मिटत गेली, दात मागं येत गेले, आणि दीड वर्षानं एका सकाळी चुलीपुढं बसलेली रत्ना मला दिसली — ओठ मिटलेली. मी दारातच उभा राहिलो. माझ्या बहिणीचा चेहरा असा आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्या पौर्णिमेला ती पहिल्या रांगेत बसली. दोन्ही हात जोडलेले.

निवडणूक आम्ही केव्हाच हरलो होतो. आता लपवायचं काय उरलं होतं? जाऊन म्हणता आलं असतं, लावा कड्या. तेवढंही मी केलं नाही. मग बाईंचं सोलापूरला येणं थांबलं.

आणि तो दात? तो तसाच होता, आडवा. एकदा आरशात बघत रत्नानं विचारलं, "दादा, ह्योच का रं न्हाय वळला?"

मी म्हणालो, "घातली नसशील नीट."

ऐकलंत? हे मी म्हणालो. ती मान हलवून म्हणाली, "व्हय... तापात चार दिवस काढली होती म्या."

रत्ना आता डी.एड.ला आहे. परवा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचा सरावाचा पाठ होता, तिनं हट्टानं बोलावलं म्हणून गेलो. मागच्या भिंतीला टेकून बसलो. चौथीची पोरं, तिचा आवाज खणखणीत, तोंडावर हात नाही. मधेच एक पोरगी उठली, "बाई, तुमचा एकच दात तिरका का वो?" वर्ग खिदळला. रत्नाही हसली — पुरती, दात दाखवून. म्हणाली, "डॉक्टरांनी मला एक काम दिलं होतं, रोज करायचं. मी मधे चार दिवस आळस केला, म्हणून तेवढा राहिला. तुम्ही गृहपाठ करताना माझा हा दात आठवायचा, काय?"

"व्हय, बाई!" सगळी पोरं ओरडली.

तिनं माझ्याकडं बघितलं, पाठ बरा चाललाय ना, अशा नजरेनं. मी मान हलवली.

तो दात प्लेटनं वळणार नव्हता. चार दिवस काय, चार वर्षं घातली असती तरी नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रत्नाला अजून ठाऊक नाही.