पंधरा दिवस आराम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, कॅनडातल्या बहिणीला तर नाहीच. मी जुन्नरचा बातमीदार. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय ओळ छापायला देत नाही. तरीही एक खोटी बातमी मी दिली आहे. आईला.

बहिणीला आई कायम जवळ हवी होती. तिने लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज भरला. बोटांचे ठसे द्यायला मी आईला पिंपळवंडीच्या आमच्या घरून पुण्याला नेलं. तिने काचेवर बोटं ठेवली. पडद्यावर काही उमटलं नाही. दहाही बोटं — कोरी. कांद्याची लागण, टोमॅटोची तोडणी, राखेने घासलेली भांडी — पन्नास वर्षांत रेषाच झिजून गेल्या होत्या. मी बघत राहिलो. माणूस इतका झिजू शकतो?

पण सांगायचं ते हे नाही.

काउंटरवरच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. पंधरा दिवस हातांना आराम द्या, तेल लावा, परत आणा — ठसे येतात, म्हणाल्या. मी बाकावर बसलेल्या आईकडे गेलो आणि सांगितलं — अर्ज नाकारला. का? आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीला, मुलं लहान, घर तिच्या जिवावर चाललेलं. अर्जावर ई-मेल माझा होता. पुढची पत्रं मी पुसून टाकली.

आईला शंका आली नाही. रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा लागत नसे. बहिणीला तिनंच फोन केला, "माज्याच हातांनी दगा दिला गं." गावात मात्र हसून सांगायची, "गोऱ्यांच्या मशिनीला मी दिसलेच न्हाई!"

गेल्या हिवाळ्यात तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घर? घर चाललं — आम्ही चालवलं.

प्लास्टर निघाल्यावर रेशनच्या दुकानात तिचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला. "मावशी, नवा अंगठा आनला का काय?" दुकानदार म्हणाला. घरी येऊन तिने तो खिडकीच्या उजेडात माझ्यापुढे धरला. बारीक, ताज्या रेषा — नुकत्याच पाडलेल्या सऱ्यांसारख्या. सहा आठवड्यांत हात स्वतःला पुन्हा लिहून काढतो?

"बघ, आल्या. आता तिकडं परत इचारतोस का रं?"

नवा अर्ज कधीही करता येतो, हे मला माहीत होतं.

"मुदत संपली, आई," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.